संध्याकाळचं तूप

फोन आला तेव्हा मी अम्मांच्या, म्हणजे पद्माच्या आईच्या, समोरच बसले होते. गुरुवारची दुपार होती. गुरुवारी पद्माला प्रयोगशाळेत उशीर व्हायचा आणि अम्मांना सांभाळणारी बाई जेवणानंतर सुट्टी घ्यायची, म्हणून गेली काही वर्षं गुरुवारची दुपार माझी असायची. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे दुपारींची कमतरता नव्हती. अम्मा उप्पीट खात होत्या, आणि त्यातले शेंगदाणे वेचून ताटलीच्या कडेला ओळीनं मांडत होत्या. फोन कॉलेजच्या ऑफिसातून होता. "मॅडम, तुम्ही कुठं आहात?" एवढंच तो कारकून आधी म्हणाला, आणि मग सांगितलं. पद्मा कॉलेजच्या जिन्यात खाली बसली होती. दम लागलाय, पाणी द्या, असं म्हणाली. पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मी "हो" म्हटलं, "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. अम्मांनी ताटलीतून मान वर केली. "कोन होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "राँग नंबर." त्यांनी त्या ओळीतला एक शेंगदाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. त्यांच्या मुलीच्या मरणाची बातमी मला अशी कळली… आणि ज्यांची ती मुलगी होती, त्यांनीच दिलेला शेंगदाणा मी त्यांना खाऊन दाखवला.

त्याला आता दोन महिने होत आले. वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटी बातमी आली, विस्मरणाच्या आजारावर वनस्पतींपासून औषध शोधणाऱ्या प्राध्यापिकेचं निधन. सोबत तिचा ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात ती कुणावर तरी खेकसण्याच्या बेतात असल्यासारखी दिसते. पद्मा कुणावर खेकसल्याचं मला आठवत नाही. तो फोटो बघून ती म्हणाली असती, "बघ मॅडम, मेल्यावर तरी पोरं मला घाबरतील की." असल्या गोष्टी मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतात. ऐकू आल्यावर सांगायला मात्र कुणी नसतं.

औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात ती शिकवायची आणि मी तिथली ग्रंथपाल. आमची ओळख शिंकांमुळे झाली. ती नुकतीच नोकरीला लागली होती. वनस्पतींच्या जुन्या कोशांचं मागचं कपाट उघडून ती उभ्यानंच वाचायला लागली, आणि एकामागून एक शिंकत सुटली. परीक्षेचे दिवस होते, सगळी मुलं माना वर करून बघायला लागली. मी पाणी घेऊन गेले तर डोळे पुसत म्हणाली, "सॉरी मॅडम. माझं नाक लहानपणीच रिटायर झालंय." त्या दिवसापासून ती मला मॅडम म्हणायची आणि बोलायची मात्र 'अगं-तुगं'. "मॅडम, तू जेवलीस का?" असं. ऐकणाऱ्याला गंमत वाटायची. मला सुजाता म्हणून हाक मारणारं तसंही कुणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे ते मॅडम मला हळूहळू नावासारखंच झालं.

नाक का रिटायर झालं, ते तिच्या घरी गेल्यावर कळलं. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत ती वाढली. पुढच्या खोलीत तिच्या वडलांचे, म्हणजे नान्नांचे, यंत्रमाग. मागच्या खोलीत अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. पुढून सुताचे तंतू उडायचे, मागून तंबाखूची भुकटी, आणि मधल्या जागेत पद्मा आणि तिचा धाकटा भाऊ वेंकटेश अभ्यास करायचे. दोघंही दिवसभर शिंकायचे. संध्याकाळी माग थांबला की अम्मा वाटीत तूप कोमट करायच्या, एकेकाचं डोकं मांडीवर घ्यायच्या, डाव्या हातानं हनुवटी धरायच्या आणि कापसाच्या वातीनं नाकात तूप सोडायच्या. मूल वळवळलं की एकच शब्द, "कदलकु." तेलुगूत हलू नकोस. पद्मा सांगायची, "तुपाचा वास यायचाच नाही. अम्माच्या बोटांचा यायचा, तंबाखूचा. मी बाहेर शिकायला गेले ना, तेव्हा कुणी तंबाखू मळायला लागलं की मला घरची आठवण यायची. मुलींच्या होस्टेलवर हे कुणाला सांगणार?"

अम्मांची आणि माझी ओळखही त्याच पहिल्या भेटीतली. त्यांचं मराठी कामापुरतं. नाव काय, काय करतेस, असं त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं, लायब्ररीत असते म्हणून सांगितलं. त्यातला एकच शब्द त्यांना ओळखीचा निघाला. तेव्हापासून दारात दिसले की त्या आत आवाज द्यायच्या, "पद्मा, लायब्ररी आली बघ."

पद्मानं लग्न केलं नाही. का, असं मी विचारलं नाही. तिनंही मला विचारलं नाही. दोन एकट्या बायका एकमेकींना हा प्रश्न विचारत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवरसुद्धा मैत्री बरीच वर्षं चालू शकते. नान्ना गेल्यावर माग विकले, वेंकटेश नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि त्या घरात मायलेकीच राहिल्या. माग गेल्यावर घर एवढं शांत झालं की अम्मांना झोप लागेना. बरेच दिवस त्या शेजारच्या घरातला माग ऐकू यावा म्हणून त्या बाजूची खिडकी उघडी ठेवून निजायच्या.

मग एके दिवशी पद्मा ग्रंथालयात आली, मुठीत काहीतरी घेऊन. माझ्या टेबलावर तिनं मूठ उघडली. विड्या होत्या… पण पानाच्या नव्हत्या, कागदाच्या. अम्मांनी विड्या वळणं सोडून वर्षं झाली होती. त्या दिवशी त्यांनी पद्माच्या टेबलावरच्या शोधनिबंधाच्या प्रती घेतल्या, पानं पाण्यात भिजवली, पत्र्याचा जुना साचा शोधून काढला, कात्रीनं बरोबर मापाचे तुकडे कापले आणि विड्या वळून दोऱ्यानं बांधून ठेवल्या. एक विडीसुद्धा सैल नव्हती. पद्मा म्हणाली, "बघ मॅडम, माझा पेपर पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामाला आला." आम्ही हसलो. हसून झाल्यावर ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "विचारलं तर म्हणते, संध्याकाळी कारखान्यात माल द्यायचाय." त्यातली एक विडी मी ठेवून घेतली. ती अजून माझ्याकडे आहे.

त्याआधी पद्माचं काम त्वचेवर लावायच्या मलमांवर होतं. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि तिनं कामाचा विषय बदलला. ब्राह्मीचा अर्क स्मरणासाठी उपयोगी असावा असं पुष्कळांनी म्हटलेलं, थोडंफार तपासलेलंही. पण तो पोटातून दिला तर मेंदूपर्यंत फारच थोडा पोचतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं एक घट्ट अस्तर असतं. ते रक्तातलं सगळंच मेंदूत जाऊ देत नाही, आणि त्यात बरीचशी औषधंही बाहेरच राहतात. मला हे समजावून सांगताना ती तिच्या वस्तीतलाच दाखला द्यायची. "नान्नांची चादर असायची बघ, घट्ट विणीची. पाणी टाकलं तर वरच थांबायचं. मेंदूवरचं कापड तसलं. फाडायचं नाही, आणि आत तर जायचंय." त्यासाठी ती अर्क स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत भरायची. केसाच्या जाडीपुढं काहीच नाहीत असले कण. नॅनोकण म्हणतात त्यांना. आणि ते द्यायचे नाकातून. नाकाच्या वरच्या टोकाशी वासाच्या ज्या नसा असतात, त्या थेट मेंदूत जातात. समोरचा दरवाजा बंद, तर परसातनं जायचं, असं ती म्हणायची.

नाकातून औषध म्हटल्यावर लोकांना चेव यायचा. एकदा एका कार्यक्रमात तिचं भाषण झाल्यावर श्रोत्यांतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "म्हणजे आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊकच होतं, नाही का?" पद्मा म्हणाली, "माझी आई रोज संध्याकाळी माझ्या नाकात तूप घालायची. तिला ठाऊक होतं की पोरीच्या नाकात तंबाखू गेलीय." सभागृह हसलं. परत येताना आम्ही एकाच रिक्षात होतो. सात रस्ता चौकात माझं घर आलं, मी उतरले, तेव्हा म्हणाली, "अम्मा बरी होणार नाही, एवढा माझा अभ्यास आहे मॅडम. पण माझं नाव तिच्या तोंडातनं जाऊ नये. तेवढं जरी थांबलं ना…" रिक्षा सुरूच होती.

त्यानंतरची वर्षं त्या नावामागे धावण्यात गेली. एका बाजूला अम्मांचं विसरणं, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेतले उंदीर. उंदरांना आधी एका औषधानं विसरभोळं करायचं, मग पाण्याच्या हौदात सोडायचं आणि पाण्याखाली लपवलेला पाट ते किती लवकर शोधतात ते बघायचं. अर्क भरलेले कण कुणाला, रिकामे कुणाला. वेंकटेश फोनवर म्हणायचा, "अक्का, उंदरांना चालतंय तर अम्माला का नाही देत? कुणासाठी करायलीस मग हे?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे. "उंदरांना आपण विसरायला लावलंय. अम्माला कुणी लावलं नाही. आणि उंदराला काही झालं तर मी दुसरा आणते रे." अजून कितीतरी पायऱ्या होत्या, कितीतरी परवानग्या. ती त्या एकेक करून चढत होती, आणि अम्मा एकेक करून उतरत होत्या. आधी त्या गल्ली विसरल्या, मग मराठी जवळजवळ गेलं. मग पद्माला त्या अक्का म्हणायला लागल्या, म्हणजे थोरली बहीण समजायला लागल्या. मला मात्र अजून "लायब्ररी". यामुळे मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. पद्मानंच एकदा ते हलकं केलं. "तुझं नाव तिनं कधी पाठच केलं नव्हतं मॅडम. मग विसरणार काय?"

त्याच सुमारास तिनं संध्याकाळचं तूप सुरू केलं. डॉक्टरांना विचारून, अगदी एकेक थेंब. अम्मा संध्याकाळी फार बेचैन व्हायच्या, दाराची कडी खटखट करायच्या, घरी जायचं म्हणायच्या. तूप कोमट करून पद्मानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं की मात्र त्या शांत पडून राहायच्या. हनुवटी धरायची, वात टेकवायची. "कदलकु," पद्मा म्हणायची. आणि अम्मा हलायच्या नाहीत.

एका संध्याकाळी तिचा फोन आला, लगेच ये म्हणाली. गेले तर ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि समोर बर्फाचा थर्मास. अम्मा दिवाणावर बसून पदराचं टोक वळत होत्या, विडी वळावी तसं. पद्मा म्हणाली, "सकाळी चहा दिला तर माझ्याकडे बघून विचारलं, एवरु?" एवरु म्हणजे कोण. "अक्कासुद्धा नाही मॅडम. कोण." मग तिनं थर्मास उघडला आणि छोटी बाटली बाहेर काढली. आत पातळ ताकासारखं काहीतरी होतं. मला कळलं ते काय आहे. मी विचारलं, "देणारेस?"

ती बाटली हातात फिरवत राहिली. "फ्रिजमधनं उचलली, थर्मासात घातली, रिक्षात बसले. अर्ध्या वाटेत आलं लक्षात… ही भरलेली आहे का रिकामी, हेच मला माहीत नाही." मला आधी अर्थ लागला नाही. मग तिनं सांगितलं. प्रयोग करणाऱ्याचं मन एका बाजूला कलू नये म्हणून अर्काचे कण आणि रिकामे कण, दोन्ही सारख्याच बाटल्यांत भरायचे आणि वर फक्त आकडा घालायचा, असा नियम तिनंच घातला होता. कुठला आकडा कशाचा, ते फक्त दुसऱ्या विभागातल्या एका सरांना माहीत. आपण स्वतः विचारलं तरी सांगायचं नाही, असं तिनं त्यांना बजावून ठेवलं होतं. "चोरी केली ती पण अशी," ती म्हणाली, आणि हसायला लागली. मीही हसले. आम्हाला बघून अम्मा हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, लहान मुलीसारख्या. बराच वेळ आम्ही तिघी हसत होतो, आणि मग पद्मा हसत नव्हती.

बाहेर अंधारून आलं. शेजारचा माग थांबला. अम्मा उठल्या, आपल्या आपण दिवाणावर आडव्या झाल्या, मान मागं टाकली आणि डोळे मिटून वाट बघत राहिल्या. पद्मानं टेबलावरच्या बाटलीकडे बघितलं. मग अम्मांकडे. त्या क्षणी तिला कुणी अडवलं नसतं, मीसुद्धा नाही. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि गॅसवर तुपाची वाटी ठेवली. मी मागं गेले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुपानं काही होतं का गं?" तिनं वात भिजवली. "काही नाही," ती म्हणाली. "तूप आहे ते."

दुसऱ्या दिवशी तिनं त्या सरांना खरं ते सांगितलं. बाटली बाहेर गेली होती, बर्फ वितळला होता. ती आणि तिच्या जोडीची, दोन्ही बाद झाल्या. तेवढा भाग पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. त्यात काही महिने गेले. ते महिने तिच्याकडे नव्हते, हे तिला कुठं माहीत होतं…

ती गेल्यावर वेंकटेश आला, सगळे नातेवाईक आले. अम्मांना सांगायला हवं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. सांगितलं. त्या रडल्या, छाती पिटून रडल्या, आणि तासाभरानं विचारलं की घरात एवढी माणसं का जमलीत. पुन्हा सांगितलं. त्या पुन्हा तशाच, पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडल्या. तिसऱ्यांदा सांगायला गेलेल्या पद्माच्या मावशी दारातूनच परत फिरल्या. मग वेंकटेश म्हणाला, "बास. आता कुणी सांगायचं नाही." पद्मा गेल्याचं दुःख ज्यांना सगळ्यात मोठं व्हायचं, त्यांच्या वाट्याचं दुःख आम्ही आमच्याकडेच ठेवून घेतलं. ते वाटून घेता येत नाही. मी माझ्या घरी येते, कुलूप काढते, पंखा लावते, आणि ते समोर बसलेलं असतं.

गेल्या आठवड्यात त्या सरांचा फोन आला. प्रयोगाचा तो टप्पा पूर्ण झाला, आकडे उघडले. अर्क मिळालेले उंदीर पाटापर्यंत लवकर पोचत होते. फार नाही, पण लवकर. "हे ऐकायला पद्मामॅडम पाहिजे होत्या," ते म्हणाले. मी त्यांना त्या दिवशीच्या बाटलीबद्दल विचारलं. ती जोडी बाद केली तेव्हाच तिची नोंद काढून टाकली, आता सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. पद्माला हे उत्तर आवडलं असतं. नियम म्हणजे नियम.

येत्या रविवारी वेंकटेश अम्मांना पुण्याला घेऊन जाणार आहे. सून चांगली आहे, घर मोठं आहे, तक्रारीला जागा नाही. तोपर्यंत रात्री मावशी सोबतीला येतात, संध्याकाळी मी जाते. सांभाळणारी बाई सात वाजता निघते, आणि त्या वेळेला अम्मांची कडी खटखटायला लागते. पद्माची वाटी, पद्माचा कापूस, फडताळात जिथल्या तिथं आहे. मला ते काम नीट जमत नाही. एक थेंब गालावर जातो, हात थरथरतो. अम्मा आता मला लायब्ररी म्हणत नाहीत. तेही गेलं.

परवा मी वाटी घेऊन दिवाणाशी बसले, तर अम्मा आडव्या होईनात. माझ्याकडे बघत राहिल्या. मी वात भिजवून पुढं केली, तशी त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. रागानं नाही, कामाची वस्तू घ्यावी तशी. मग पदर खोचला, मांडी घातली आणि मांडीवर हातानं थोपटलं. मी समजले नाही. त्यांनी पुन्हा थोपटलं, या वेळी जरा जोरात, वेळ होत असल्यासारखं. माझी साठी उलटलीय. मी दिवाणावर पाय वर घेतले आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्यांचा डावा हात माझ्या हनुवटीखाली आला. बोटं अजून मजबूत आहेत. शेजारी माग चालू होता. मी वर बघत होते, त्यांचं तोंड मला उलटं दिसत होतं, आणि तो हात जराही थरथरत नव्हता.

"कदलकु," त्या म्हणाल्या.

मी हलले नाही.